सौर पॅनेल नंतर, आधी बिलावरचं नाव: हेस्कॉमच्या घरगुती ग्राहकांसाठी पायरीवार

छतावरच्या सौर संचाला अनुदान देणारी केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात वीज देते ती हेस्कॉम ही वितरण कंपनी, आणि इथले अर्ज अडकतात ते ठरावीक ठिकाणीच. कुणाचं बिल अजून आजोबांच्या नावावर असतं, कुणी ॲडव्हान्स देऊन बसल्यावर कळतं की आपलं बिल मुळातच शून्य होतं, तर कुणाच्या अर्जात पोर्टलवरचा मोबाईल नंबर स्वतःचा नसून एजंटाचा असतो. कारण बहुतेक वेळा एकच: सुरुवात दारात आलेल्या माणसापासून होते. ती स्वतःच्या वीजबिलापासून व्हायला हवी. खालचा क्रम त्यासाठीच दिला आहे. पायऱ्या पुढे-मागे करू नका.

## पाहुण्यांचा सल्ला घेण्याआधी

आपल्याकडे प्रत्येक घराचे पाहुणे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला असतात. त्यांचा संच महावितरणच्या मीटरवर बसलेला असतो, आपला हेस्कॉमच्या. केंद्राचं अनुदान दोन्हीकडे सारखं आहे. पण नेट मीटरचा (आलेली आणि गेलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरचा) करार, जादा विजेचा दर, मीटर तपासणीची पद्धत हे सगळं इथे कर्नाटकच्या वीज नियामक आयोगाच्या आदेशाने चालतं. तेव्हा पाहुण्यांकडून पॅनेल कसं चाललंय ते ऐका, कागद कोणते लागले ते ऐकू नका.

शेतातल्या पंपासाठीही हा लेख नाही. महाराष्ट्रातली ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आपल्या सातबाऱ्याला (म्हणजे इथल्या आरटीसीला) लागू होत नाही. कर्नाटकात पंपासाठी कुसुम योजनेचा ‘ब’ भाग आहे आणि त्याची वाट वेगळी आहे.

## पायरी १: बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा

एका महिन्याचं बिल बघून काही ठरवू नका. मे महिन्यात पंखे रात्रंदिवस फिरतात, डिसेंबरात बंद असतात. बिलं ठेवलेली नसतील तर हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसमध्ये आर. आर. नंबर (बिलावरचा जोडणीचा क्रमांक) सांगून मागचं वर्षभराचं वाचन मागा. प्रत्येक महिन्याचे युनिट कागदावर उतरवा आणि सरासरी काढा.

आता गृहज्योती. ऑगस्ट २०२३च्या बिलापासून कर्नाटकात घरगुती ग्राहकाला महिना २०० युनिटपर्यंत सवलत आहे. तुमच्या वाट्याचे मोफत युनिट किती, हे २०२२-२३ च्या तुमच्या सरासरी वापरात १० टक्के (अगदी कमी वापराच्या घरांना टक्क्यांऐवजी १० युनिट) मिळवून ठरवलेलं आहे. वापर त्या आकड्याच्या आत राहिला तर बिल शून्य. त्याच्या वर पण २०० च्या आत असेल तर वरच्या युनिटांचे पैसे. आणि २०० ओलांडले की त्या महिन्याचं अख्खं बिल भरावं लागतं.

यावरून तीन प्रकारची घरं निघतात.

बिल वर्षभर शून्य येत असेल, तर मी सरळ सांगेन: सध्या पैसे घालू नका. शून्यातून वजा काय करणार? पर्यावरणासाठी बसवायचा असेल तर जरूर बसवा, पण ‘चार वर्षांत पैसे वसूल’ हा हिशोब तुम्हाला लागू नाही.

वापर २०० ते २५० च्या मध्ये घुटमळत असेल, तर आधी वापर उतरवा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज दहा तास चालणारे चार पंखे बदलले तर महिन्याला ५० युनिटच्या वर वाचतात. गिझरऐवजी सोलर वॉटर हीटर किंवा अंगणातला बंब वापरला की आणखी. पंख्यांचा खर्च दहा-पंधरा हजारांत बसतो. संचाला अनुदान वजा करूनही लाखाच्या घरात पैसे लागतात. वडगाव-अनगोळच्या कितीतरी घरांचा प्रश्न इथेच सुटण्यासारखा आहे, पण पंखे विकणारा दारात येत नाही, पॅनेल विकणारा येतो.

सरासरी ३०० च्या वर असेल, घरात एसी असेल, किंवा इलेक्ट्रिक स्कूटर-कार घ्यायचा विचार असेल, तर पुढे वाचा. तुमच्यासाठी संच फायद्याचा आहे.

सावध: सौर जोडल्यावर गृहज्योतीचा हिशोब तुमच्या बिलात कसा धरला जाईल, हे सब-डिव्हिजनला लेखी विचारा आणि पोच घ्या. व्हेंडरच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. उत्तर हातात येईपर्यंत ॲडव्हान्स नाही.

तपासा: बिलावरचा प्रकार घरगुती आहे ना? शहापूर, वडगाव, खासबागेत एकाच छताखाली घर आणि माग असतो. अनुदान घरगुती मीटरलाच मिळतं, मागाच्या किंवा दुकानाच्या मीटरला नाही. घरात दोन मीटर असतील तर अर्जात कोणता आर. आर. नंबर टाकायचा ते आत्ताच ठरवा.

## पायरी २: नाव

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून मीही इथे जास्त थांबतो.

चार कागद शेजारी शेजारी ठेवा: वीजबिल, आधार, बँकेचं पासबुक, घराचा उतारा. चारही ठिकाणी एकच माणूस, एकच नाव हवं. आपल्याकडे तसं क्वचितच असतं. बिल केईबीच्या (कर्नाटकच्या जुन्या वीज मंडळाच्या) काळातलं, वारलेल्या आजोबांच्या नावे. घराचा उतारा तिघा भावांच्या सामाईक नावे. आधारवर परशराम, बिलावर परशुराम. एका कागदावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा आपला मराठी क्रम, तर दुसऱ्यावर कर्नाटकी पद्धतीने नुसती आद्याक्षरं. लक्ष्मणचं इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कारकुनाने आपापल्या मर्जीने केलेलं.

क्रम असा ठेवा.

१. बिल मयताच्या नावे असेल तर आधी मीटरचं नाव बदला. मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) वंशावळ, बाकीच्या वारसांचं संमतिपत्र, ज्याच्या नावे करायचं त्याचं आधार आणि घराचा उतारा लागतो. भावांची संमती आधीच घ्या. संच बसल्यावर ‘छत सगळ्यांचं आहे’ हे वाक्य ऐकण्यापेक्षा ते बरं.

२. घराचा उतारा खेडेगावात म्हणजे ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तू, फॉर्म ९ आणि ११. शहरात महापालिकेचा ई-खाता. जुना हातानं लिहिलेला उतारा असेल तर पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) ई-स्वत्तूचा अर्ज आधी लावा, कारण त्याला लागणारा वेळ तुमच्या हातात नाही.

३. स्पेलिंगचा फरक किरकोळ असेल तर जिथे बदल सोपा तिथे करा. बहुतेक वेळा बिलावरचं नाव आधारप्रमाणे करून घेणं सोपं पडतं. उलटं, म्हणजे बिलासाठी आधार बदलायला जाऊ नका. आधारला पुढे शंभर कागद जोडलेले असतात.

४. बँक खातं राष्ट्रीयीकृत, ग्रामीण किंवा शेड्यूल्ड बँकेचं हवं. सोसायटी, सौहार्द, पिग्मीचं खातं देऊ नका. ज्यांचं खातं कर्नाटक विकास ग्रामीण बँकेत होतं त्यांनी लक्ष द्या: ही बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत विलीन झाली. सिंडिकेट बँकेचं खातं २०२० पासून कॅनरात आहे. जुन्या चेकबुकावरचा आयएफएससी कोड डोळे मिटून टाकू नका. शाखेत जाऊन पासबुक नव्याने छापून घ्या आणि खात्यावरचं नाव आधारप्रमाणेच आहे का ते तिथेच बघा.

तपासा: थकबाकी आहे का? असेल तर ती भरून पावती फाईलला लावा.

## पायरी ३: छत

एक किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. तीन किलोवॉटसाठी साधारण साडेपाचशे वॉटची सहा पॅनेल बसतात. पण जागा किती यापेक्षा सावली कुठे, हे आधी बघा.

बेळगाव उत्तर अक्षांश १६ च्या जवळ आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला कलून साधारण ५० अंशांवर येतो. म्हणून नारळ, आंबा, शेजाऱ्याचा वाढवलेला मजला किंवा पाण्याची टाकी तुमच्या दक्षिणेला असेल, तर उन्हाळ्यात न दिसणारी सावली थंडीत पडते. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर उभं राहून खडूने सावलीच्या कडा आखा. पॅनेलच्या एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा त्या ओळीतल्या बाकी पॅनेलांचं उत्पादन ओढते. पॅनेलची तोंडं दक्षिणेला, उतार १५ अंशांच्या आसपास.

मंगळुरी कौलांचं घर असेल तर कौलांवर थेट काही बसवू देऊ नका. एकतर घरामागच्या न्हाणीघराचा वा गोठ्याचा स्लॅब वापरा, नाहीतर अंगणात लोखंडी सांगाडा उभारा. पत्र्याच्या छतावर बसवता येतं, पण खालची कैची किती वजन घेईल ते वेल्डरला नव्हे, इंजिनिअरला विचारा. एक पॅनेल पंचवीस किलोच्या पुढे असतं.

स्लॅबला भोकं पाडून सांगाडा आवळला की पहिल्याच पावसात गळती सुरू होते. स्लॅबवर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवणं चांगलं. वळीवाचा वारा पॅनेल खालून उचलतो, म्हणून सांगाडा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा आणि ठोकळे वजनदार हवेत. खानापूर, नंदगड, जांबोटीकडे माकडांचा त्रास असेल तर केबल उघडी न ठेवता पाइपातून न्या.

## पायरी ४: किती किलोवॉट

एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतो, महिन्याला १२० च्या आसपास. ही सरासरी आहे. कणकुंबी, जांबोटीच्या पावसात जुलैचं उत्पादन निम्म्यावरही येऊ शकतं. मार्च-एप्रिलमध्ये ते भरून निघतं.

अनुदान असं: एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,०००. तीनच्या वर एक रुपयाही वाढत नाही, त्यामुळे बहुतेक कुटुंबांना दोन किंवा तीन पुरतात. ‘पाच किलोवॉट लावा, जादा वीज विका’ असं कोणी म्हणालं तर थांबा. ग्रिडला दिलेल्या विजेला मिळणारा दर तुम्ही भरता त्या दरापेक्षा कमी असतो. स्वतः वापरलेला युनिट हाच महागाचा युनिट.

बिलावर मंजूर लोड छापलेला असतो. तो एक किलोवॉट असेल आणि संच तीनचा, तर लोड वाढवावा लागेल. स्थिर आकार किलोवॉटवर असतो, त्यामुळे तो दर महिन्याला वाढेल आणि सौर असलं तरी भरावाच लागेल. हा आकडा हिशोबात धरा.

## पायरी ५: पोर्टलवर नोंदणी, स्वतःच्या मोबाईलवरून

पीएम सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवरच नोंदणी करा. त्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. जमत नसेल तर गावातल्या ग्राम वन केंद्रात किंवा घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून करून घ्या, पण मोबाईल नंबर तुमचाच हवा.

१. राज्य कर्नाटक, वितरण कंपनी हेस्कॉम निवडा. सवयीने महाराष्ट्र निवडलेले अर्ज फुकट जातात.

२. ग्राहक क्रमांक बिलावरून जसाच्या तसा टाका. बिल कन्नडमध्ये असतं. आर. आर. नंबर आणि खाते क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पोर्टल कोणता मागतं ते नीट वाचा. पोर्टलने दाखवलेलं नाव तुमचंच आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. संचाची क्षमता टाकून अर्ज भरा. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला वेगळ्या तांत्रिक पाहणीची वाट बघायला लागू नये, अशी दुरुस्ती केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झाली आहे.

सावध: व्हेंडर म्हणेल, ‘काका, सगळं आम्ही करतो, ओटीपी फक्त सांगा.’ त्याने स्वतःचा नंबर टाकून तुमच्या नावे खातं उघडलं, की पुढे व्हेंडर बदलायचा, बँक खातं भरायचं, अर्ज कुठे आहे ते बघायचं, सगळ्यासाठी त्याच्या पाया पडावं लागतं.

## पायरी ६: व्हेंडर आणि कोटेशन

आता कुठे व्हेंडरची पाळी. पोर्टलवर तुमच्या भागासाठी दिसणाऱ्या नोंदणीकृत यादीतूनच निवडा. कोल्हापूर-सांगलीचा व्हेंडर स्वस्त वाटला तरी तो त्या यादीत आहे का आणि हेस्कॉमची कागदपत्रं करून देणार का, हे आधी विचारा. किमान तिघांकडून लेखी कोटेशन घ्या. त्यात या गोष्टी नावानिशी हव्यात:

- पॅनेलची कंपनी, मॉडेल, वॉट, आणि ‘डीसीआर’ हा शब्द. डीसीआर म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेलं. ते नसेल तर अनुदान नाही, मग पॅनेल कितीही भारी असो.
- इन्व्हर्टरची कंपनी आणि वॉरंटीची वर्षं.
- सांगाड्याची उंची आणि लोखंडाची जाडी.
- अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे: डीसी (पॅनेलच्या) बाजूला एक, एसी (घरच्या विजेच्या) बाजूला एक, आभाळातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाला एक. पैसे वाचवायला तिन्ही एकातच उतरवतात. ते मान्य करू नका.
- नेट मीटर कोण आणणार, तपासणीचा खर्च कोणाचा.
- पाच वर्षांची देखभाल. ती व्हेंडरवर बंधनकारक आहे, जादा पैसे मागितले तर का ते विचारा.
- जीएसटी वेगळा दाखवलेला. सौर उपकरणांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराचं कोटेशन अजून फिरतं.

भाव पारखायला एक आधार आहे. केंद्राने अनुदान ठरवताना पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० खर्च धरला, म्हणजे तीनला १,४५,०००. बाजारभाव याच्या वर जातो, उंच सांगाडा असेल तर जास्तच. पण फरक कशाचा, हे व्हेंडरला ओळीनुसार सांगता आलं पाहिजे.

एक गैरसमज इथेच मोडतो. लाईट गेली की साधा ऑन-ग्रिड संच बंद पडतो, भर दुपारी, कडक उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी तशी रचनाच आहे. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि बॅटरीला अनुदान नाही. खानापूरच्या आतल्या गावांत लोक सौर घेतात तेच मुळी लाईट जाते म्हणून, आणि मग पहिल्याच दिवशी भांडण होतं.

कर्ज हवं असेल तर जनसमर्थ पोर्टलवरून तीन किलोवॉटपर्यंत दोन लाखांपर्यंतचं विनातारण कर्ज मिळतं. व्हेंडरने सुचवलेल्या खासगी फायनान्सआधी आपल्या बँकेत विचारा.

पैसे टप्प्याने द्या: थोडा ॲडव्हान्स, माल गच्चीवर आल्यावर मोठा हप्ता, आणि निदान दहा-पंधरा टक्के नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवा. ज्याने सगळे पैसे आधी घेतले तो हेस्कॉमच्या ऑफिसात खेटे घालत नाही, तुम्ही घालता.

## पायरी ७: बसवणी आणि करार

माल उतरला की पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचे अनुक्रमांक डीसीआर प्रमाणपत्रावरच्या आकड्यांशी जुळवा. बसल्यावर वाकून बघायला जमत नाही, म्हणून बसवण्याआधीच प्रत्येकाचा फोटो काढा. इन्व्हर्टर सावलीत, हवेशीर भिंतीवर, मीटरच्या जवळ. माळ्यावरच्या लाकडी फळीवर नको.

हेस्कॉमसोबतचा वीज खरेदीचा करार स्टॅम्प पेपरवर होतो आणि तो २५ वर्षांचा असतो. कागद कन्नड किंवा इंग्रजीत येतो. कन्नड वाचता येणाऱ्या शेजाऱ्याला बोलवा, चहा द्या, आणि प्रत्येक पान मोठ्याने वाचून घ्या. नाव, आर. आर. नंबर, क्षमता, जादा युनिटचा दर आणि नेट मीटरिंग हाच शब्द आहे ना, ते बघूनच सही करा.

सावध: नेट मीटर लागण्याआधी ‘चालू करून बघूया’ म्हणून संच सुरू करू देऊ नका. काही जुने इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा वापर म्हणून मोजतात. संच वीज देतो आणि बिल वाढतं!

## पायरी ८: तपासणी, नेट मीटर, अनुदान

संच बसल्याचा तपशील आणि संचाजवळ तुम्ही उभे असलेला फोटो पोर्टलवर चढतो. मग हेस्कॉमची तपासणी, दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर आणि संच सुरू झाल्याचा अहवाल. अहवाल पोर्टलवर दिसला की बँक तपशील आणि रद्द केलेला चेक भरून अनुदानाची मागणी तुम्हालाच करायची असते. हे बटण न दाबता महिनोन्‌महिने वाट बघणारे लोक आहेत. मागणी नीट गेली तर साधारण ३० दिवसांत रक्कम तुमच्या खात्यात येते. व्हेंडर ‘अनुदान आमच्या खात्यात येतं, तेवढं कमी द्या’ म्हणाला तर सौदा तिथेच थांबवा.

कुठे अडलं तर १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. नंतर सेक्शन ऑफिसर, सब-डिव्हिजनचे एईई (सहायक कार्यकारी अभियंता), डिव्हिजनचे ईई (कार्यकारी अभियंता) या क्रमाने, दरवेळी लेखी आणि पोच घेऊन जा. त्यापुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. मधली पायरी टाळून वर गेलात तर कागद परत खालीच येतो.

## पायरी ९: पहिलं बिल आणि पुढची देखभाल

नेट मीटर लागलेल्या दिवशी दोन्ही वाचनांचा फोटो काढून ठेवा: आलेली वीज आणि गेलेली वीज. पहिल्या बिलावर गेलेले युनिट वजा झालेत का ते त्यावरून कळतं. झाले नसतील तर बिल भरायच्या मुदतीआधी अर्ज द्या.

पॅनेल महिन्यातून दोनदा, ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, साबणाची पूड लावू नका. निपाणी-चिकोडी पट्ट्यात साखर कारखान्यांचा हंगाम चालू असताना काजळी बसते, तेव्हा आठवड्याला धुवावं लागतं. वळीव सुरू व्हायच्या आधी, मार्च महिन्यात, सांगाड्याचे सगळे नटबोल्ट पान्याने आवळून घ्या. पाच वर्षांच्या देखभालीत हे काम व्हेंडरचं आहे, त्याला फोन करा.